आरशातला पेपर

आमच्या कॉलेजच्या वार्षिकाचे संपादक माझ्याच वर्गात आहेत. ‘उन्हाळ्याच्या सुट्टीवर काहीतरी हलकंफुलकं लिहून दे,’ असं त्यांनी सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. चाळीतल्या लोकांची गावाकडची पत्रं आणि परीक्षेतली उत्तरं यापलीकडे मी आजवर काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं बरोबर की चूक हे घरी कोणाला विचारायची सोय नाही. शिवाय वर्गातले मित्र सुट्टीत माथेरानला जातात, कोणी मामाकडे आंबे खायला जातं. माझी सुट्टी लालबागच्या एका गल्लीत गेली. आणि ज्या माणसामुळे ती लक्षात राहिली ते तात्या घाडी गिरणीत साचे, म्हणजे यंत्रमाग, चालवत. ना पुढारी, ना शाहीर. अशा माणसासाठी वार्षिकाची पानं अडवतो आहे, याबद्दल वाचकांची आधीच क्षमा मागतो. पण दुसरी कुठली सुट्टी मला आठवतच नाही.

तात्या आमच्या समोरच्या चाळीत राहत. मधे फक्त गल्ली. वय पन्नाशीच्या पुढे, अंगानं किडकिडीत, डोक्यावर काळी टोपी, आणि आवाज असा की ते कुजबुजले तरी पत्र्यावरची कबुतरं उडत. कोणाला खाजगी काही सांगायचं असलं की ते त्याचा दंड धरून त्याला गल्लीच्या टोकाला नेत, ‘हे तुझ्या-माझ्यातच हा,’ असं म्हणत, आणि मग ते सगळ्या गल्लीला कळे. त्यांच्या कोटाच्या खिशातून एक झिजलेला धोटा निम्मा बाहेर डोकावत असे. धोटा म्हणजे सुताची कांडी पोटात घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारी लाकडी होडी. पाठ खाजवायला, कुत्रं हाकलायला आणि रस्ता विचारणाऱ्याला दिशा दाखवायला तात्या तोच वापरत.

आवाजाचं कारण साचेखातं. शेकडो साचे एकदम धडधडत असले की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. म्हणून तिथं कोणी ओरडत बसत नाही. नुसते ओठ हलवायचे, समोरच्यानं ओठ बघून समजून घ्यायचं. जोडीला हातांच्या खुणा. मिशीला पीळ दिला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येतोय असं समजायचं. तात्यांनी अठ्ठावीस वर्षं अशीच काढली. कान मंद झाले, पण डोळे असे तयार झाले की आपल्या गॅलरीत उभं राहून ते समोरच्या चाळीतलं बोलणं ‘बघत’. गल्लीतल्या बायका भांडताना तोंडावर पदर घेत. नव्या माणसाला वाटे, केवढ्या लाजाळू बायका! त्या तात्यांपासून ओठ लपवत असत.

माझे वडील त्याच गिरणीत, पण सूतकताईच्या खात्यात, ज्याला गिरणीत त्रासन म्हणतात. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथं आमच्या माणसांना घेत नसत. नवी कांडी भरली की धोट्याच्या भोकातून सुताचं टोक ओठांनी ओढून घ्यावं लागतं, आणि आमच्या ओठांना लागलेला धोटा दुसऱ्यानं तोंडाला कसा लावायचा, असा तो नियम. कुठे लिहिलेला नव्हता, पण पाळला मात्र कडक जाई. आमच्या घरात आता बुद्धाची तसबीर आहे. तरी गल्लीच्या त्या बाजूचं माणूस आमच्या जिन्यावर चढत नसे. हे सांगायला मला संकोच वाटतो, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ती दोन वर्षांपूर्वीची सुट्टी. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. गल्लीत सगळ्यांना सकाळी पहिली गोष्ट पेपर लागे. समोरच्या चाळीखाली भाऊंचं केस कापायचं सलून होतं. भाऊ गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवून, दाढीचं पाणी तापेपर्यंत पेपर मोठ्यानं वाचत. रस्त्यापलीकडे चहाच्या हॉटेलाचं बाक होतं. त्या बाकावर तात्या बसत. त्या उन्हाळ्यात त्यांची दुपारी उशिरा सुरू होणारी दुसरी पाळी, त्यामुळे सकाळ मोकळी. तेही हातात पेपर उघडून धरत आणि बाकावरच्या चार-सहा जणांना आपल्या गडगडाटी आवाजात वाचून दाखवत. तात्या पेपरचे पक्के वाचक, अशी त्यांची ख्याती होती. कोणी कोणी तर म्हणे, तात्या सातवी पास असणार.

मी सुट्टीत त्या बाकाच्या कोपऱ्याला जाऊन उभा राही. बसत नसे. एके दिवशी तात्या वाचता वाचता म्हणाले, “सरकार या प्रश्नाचा सहानुभूतीनं विचार करीत आहे. दाढी का केस?”

बाकावर हशा पिकला. “तात्या, सरकारला बरोब्बर पकडलंत!” कोणीतरी म्हणालं. तात्याही हसले, पण जरा उशिरा. मला ते ‘दाढी का केस’ काही केल्या पटेना. दुसऱ्या दिवशी मी लक्ष ठेवलं. तात्या वाचत होते, “आणि शेवटी ते म्हणाले की...” आणि थांबले. थांबले ते थांबलेच. पान उलटलं नाही, खोकले नाहीत, नुसते पेपरच्या कडेवरून पलीकडे बघत राहिले. मीही तिकडे बघितलं. सलूनच्या मोठ्या आरशात पाठमोरे भाऊ समोरून दिसत होते. त्यांनी पेपर खाली ठेवून वस्तरा हातात घेतला होता. दोन मिनिटांनी त्यांनी पेपर परत उचलला. तात्या लगेच पुढे निघाले, “...की आम्ही मुंबई सोडणार नाही!”

मी वाकून तात्यांच्या हातातला पेपर बघितला. तो गेल्या गुरुवारचा होता. मधोमध भज्यांच्या तेलाचा डाग.

माझं तोंड उघडलं. शब्द फुटायच्या आत तात्यांनी माझे ओठ वाचले असणार, कारण त्यांचा हात माझ्या दंडावर पडला आणि मला त्यांनी थेट गल्लीच्या टोकाला नेलं. तिथंही त्यांना धीर होईना. तिथून आणखी पुढे, मसाला कुटायच्या डंकांपाशी नेलं. मे महिना, वर्षाचा मसाला कुटायचे दिवस. डंकांचा धडधडाट चाललेला आणि हवेत मिरची. तिथं तात्या निवांत झाले. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना आवाज न काढता बोलताना बघितलं. नुसते ओठ. मला काही कळेना. शेवटी माझ्या कानाशी तोंड आणून ते म्हणाले, “कॉलेज, माका एक अक्षर येत नाय.”

ते मला ‘कॉलेज’च म्हणत.

“आपलं राज्य येणार,” ते म्हणाले. दोघांच्याही डोळ्यांतून मिरचीचं पाणी वाहत होतं. “आज ना उद्या येणारच. त्या दिवशीची बातमी भाऊच्या आरशातनं नाय घ्यायची. माझी मी वाचायची. शिकवशील?”

“शिकवीन. पण तुमच्याकडे कसं...”

“माझ्याकडे नको. सगळ्यांना कळेल. तुझ्याकडे येतो. आमच्यातलं कोणी तिकडे फिरकत नाय.”

ते खरं होतं. मी हो म्हणालो. ‘कोणी फिरकत नाय’ या वाक्याचा दुसरा अर्थ माझ्या मनात नंतर, घरी जिना चढताना आला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, दोन्ही चाळी घामेजून झोपलेल्या असताना, तात्या आमच्याकडे आले. पाटी कोटात लपवलेली, पेन्सिल धोट्यात. सुताच्या कांडीच्या जागी पेन्सिल अगदी चपखल बसते. आई गडबडली. तिनं चुलीपाशी उभं राहून मला अगदी हळू, जवळजवळ ओठांतच विचारलं, “ते आपल्याकडचा चहा घेतील काय रे?”

“घेतील!” बाहेरच्या खोलीतून तात्या गरजले. “साखर जास्त!”

आमची अख्खी गॅलरी जागी झाली. गुपित राखण्याचा तात्यांचा हा पहिला दिवस. आई आधी घाबरली, मग पदर तोंडाला लावून जी हसत सुटली ती चहा उतू जाईपर्यंत. पुढे रोज दोन वाजता ती आधण ठेवी, आणि विचारायची झाली तर मुद्दाम ओठांतच विचारी.

शिकवणं मात्र सोपं नव्हतं. मी पाटीवर क काढून ‘क’ म्हणे, आणि तात्या पाटीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत.

“तात्या, पाटीकडे बघा.”

“पाटी हलत नाय रे!”

चौथ्या का पाचव्या दिवशी मी ओळीनं सगळी अक्षरं म्हणून दाखवत होतो. तात्या एकदम उठून उभे राहिले. “थांब. परत म्हण. सावकाश.” मी म्हटलं. ते माझ्या तोंडासमोर बोट नाचवत राहिले. “क, ख, ग, आत घशात. काय दिसत नाय. मग जीभ टाळ्याला. मग हळूहळू दातांशी. आणि प, फ, ब, भ, म... ओठ! घशातनं निघाला आणि दारापर्यंत आला!” त्यांनी मांडीवर धोटा आपटला. “मेल्या, ज्यानं ही रांग लावली तो साचेखात्यातलाच असणार!”

मॅट्रिकला कंठ्य, तालव्य, दंत्य हे शब्द मी परीक्षेसाठी पाठ केले होते. मार्कही मिळाले होते. पण हे अक्षरांचं एक मिरवणुकीसारखं चालत येणं मला त्या दिवशी, तात्यांच्या बोटामागून दिसलं. त्यानंतर ते झपाट्यानं शिकले. आणि फी म्हणून त्यांनी मला ओठ वाचायला शिकवले. प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात, तिथं माणसाचे डोळे बघायचे, हा त्यातला मुख्य धडा. परीक्षेत या विद्येचा मी उपयोग केलेला नाही, हे इथं नमूद करून ठेवतो.

महिन्याभरात ते दुकानांच्या पाट्या वाचू लागले. मनात वाचता येतं, हे त्यांना पटतच नव्हतं. एका रविवारी आम्ही ट्रामनं दादरला निघालो. ट्राममधे शिरताच तात्यांनी समोरची पाटी वाचली आणि आनंदानं ओरडले, “थुं-कू न-ये!” खिडकीशी बसलेल्या एका गृहस्थांनी घाबरून तोंडातलं पान गिळलं. त्यांना ठसका लागला तेव्हा तात्याच त्यांची पाठ चोळत बसले.

आणि ते मैदान. परळच्या मैदानावर संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. गर्दी एवढी की आम्हाला व्यासपीठाच्या डाव्या अंगाला, एका भिंतीच्या कडेला जागा मिळाली. भाषण ऐन रंगात आलं आणि आमच्या बाजूचा कर्णा बंद पडला. पुढाऱ्यांचे ओठ हलताहेत, हात हलताहेत, आमच्या बाजूच्या लोकांना शब्द नाही. लोक ओरडू लागले. तात्या भिंतीवर चढले.

“गप ऱ्हावा!” ते म्हणाले. “मी सांगतो!”

आणि त्यांनी पुढाऱ्यांच्या मागून एकेक वाक्य द्यायला सुरुवात केली. माणसं गप्प झाली. बघता बघता तीन-चारशे लोक व्यासपीठाकडे पाठ करून तात्यांकडे बघायला लागले. मुंबई कोणाची, गिरण्या कोणाच्या घामावर उभ्या, सगळं बरोबर चाललं होतं. मग पुढारी पाणी प्यायला थांबले. तात्या थांबले नाहीत.

“आणि गिरणीत जेवणाची सुट्टी पंधरा मिनिटं वाढवून मिळालीच पाहिजे!”

आमच्या बाजूनं टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पुढाऱ्यांचा पेला हातात तसाच राहिला. ते आमच्याकडे बघत राहिले. मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी हात जोडले.

परत येताना मी भीत भीत विचारलं, “तात्या, ते जेवणाच्या सुट्टीचं... ते बोलले?”

“बोलायला पाहिजे होते. विसरले असतील.”

“पण पेपर वाचताना असं नाही हं चालत. छापलंय तेवढंच वाचायचं. पदरचं घालायचं नाही.”

“एक शब्दपण नाय?”

“एक शब्दपण नाही.”

तात्यांनी टोपी काढून धोट्यानं डोकं खाजवलं. “कठीण हाय,” एवढंच म्हणाले.

आता एक गोष्ट लिहू की नको असं वाटतं, पण लिहितो. जूनच्या सुरुवातीला मी हॉटेलाच्या बाकाशी उभा होतो. भाऊंनी सलूनच्या दारातून तात्यांना विचारलं, “काय तात्या, हल्ली दुपारचे त्या बाजूला दिसता?” तात्या म्हणाले, “ह्याच्या बापाशी युनियनचं काम असतं.” भाऊंनी मान डोलावली. मी घरी आलो. त्या दुपारी पाटी घेऊन तात्या आले, पण बसले नाहीत.

“सकाळी खोटं बोललो,” ते म्हणाले. आवाज त्यांच्या मानानं लहान होता. “तू तोंड मिटून होतास, तरी वाचलं मी.”

“असू दे, तात्या.”

“असू दे नाय. कच्च्या माणसानं गुरूचं नाव घेऊ नये, लोक गुरूला हसतात. शिकून झालं की सांगेन. सगळ्यांना सांगेन.”

हे कारण खरं की सबब, हे मी तेव्हाही ठरवलं नाही. मी पाटी पुढे केली. त्या दिवशी त्यांना पत्ता लिहायचा होता. मी त्यांचाच पत्ता घालून दिला. नाव, खोली, चाळ, गल्ली, लालबाग, मुंबई. तात्यांना तो इतका आवडला की पुढचे आठ दिवस त्यांनी दुसरं काही लिहिलं नाही. पाटीभर स्वतःचाच पत्ता. मग कॉलेज उघडलं, तात्यांची पाळी बदलली, आणि आमची शाळा बंद झाली. सकाळी ते बाकावर बसत, पेपर ताजा असे, पण वाचून दाखवत नसत. लोक म्हणत, तात्या म्हातारे झाले. मला दिसे की त्यांचे ओठ आरशाकडे न बघता सावकाश हलताहेत.

पुढच्या शिमग्यानंतर त्यांनी गिरणी सोडली आणि मालवणकडे आपल्या गावी निघाले. भाऊच्या धक्क्यावर बोटीपाशी मी पोचवायला गेलो. समोरच्या चाळीतली बरीच माणसं आली होती, म्हणून मी जरा लांब उभा राहिलो. बोटीचा भोंगा वाजत होता, हमाल ओरडत होते, ट्रंका आपटत होत्या, साचेखात्यासारखाच गोंगाट. तात्या वरच्या कठड्याशी येऊन उभे राहिले. खालून त्यांची माणसं काहीबाही ओरडत होती. तात्यांनी त्यांना हात हलवला. मग त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून त्यांनी मला शोधलं, आणि आवाज न काढता, सावकाश, अक्षर अक्षर सुटं करून ओठ हलवले. प की म ते कळेना, म्हणून मी डोळ्यांकडे बघितलं.

पत्र लिहीन.

बोट लांब गेली तरी कोटाच्या खिशातला धोटा दिसत होता, की मला तसं वाटत होतं.

वर्ष गेलं. पत्र आलं नाही. यंदा मे महिन्यात राज्य आलं. गल्लीत दिवे लागले, पेढे वाटले, भाऊंनी सलूनला तोरण बांधलं आणि त्या दिवशी दाढी फुकट केली. मी पेपर विकत घेतला आणि हॉटेलाच्या त्या बाकावर बसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. तात्यांच्या गावी तो पोचला असेल का, एवढंच मनात येत होतं. पुढे कॉलेजही सुरू झालं.

आणि गेल्या पंधरवड्यात एका दुपारी आमच्या जिन्यावर अनोळखी पावलं वाजली. दारात भाऊ उभे होते. सलूनचा पंचा खांद्यावर, हातात एक पोस्टकार्ड. त्यांच्या बाजूचा माणूस आमच्या दारात मी तात्यांनंतर पहिल्यांदा बघत होतो.

“हे तुझं दिसतंय,” भाऊ म्हणाले. “आमच्या चाळीत आलं. घाडींच्या खोलीचा पत्ता होता, पण आत मजकूर ‘मास्तर’ला. आता आमच्याकडे मास्तर कोण? म्हणून ते खोल्याखोल्यांतून फिरलं. महिनाभर. कार्ड उघडं असतं, लोकांनी वाचलं... सगळ्यांनी वाचलं म्हण ना. शेवटी मला समजलं.”

पत्ता तोच होता, मी घालून दिलेला. त्यांना तेवढाच लिहिता येत होता. मागे मोठी, वाकडी, एकमेकांना न टेकणारी अक्षरं :

‘मास्तर यास नमस्कार. राज्य आले. पेपर तिसऱ्या दिवशी बोटीतून आला. देवळासमोर उभा राहून मी वाचला. सगळा वाचला. जाहिरातीपण. पदरचा एक शब्द घातला नाही. शाळेचे गुरुजी बोलले घाडी कुठे शिकलास. मी सगळ्यांसमोर सांगितले लालबागला समोरच्या चाळीत, त्रासनवाल्याच्या मुलाकडे, त्यांच्या घरी बसून, त्यांचा चहा पिऊन. भाऊला सांग आरशाचे उपकार आहेत. आईला सांग साखर बरोबर होती. लिहिणार स्वतः तात्या.’

मी ते दोनदा वाचलं. भाऊ चुळबुळत उभे होते.

“ते आरशाचं काय ते कळलं नाही,” ते म्हणाले.

मी सांगितलं. गुरुवारचा पेपर, दाढी का केस, सगळं. भाऊ आधी बघत राहिले, मग दाराची चौकट धरून हसायला लागले. “म्हणजे इतकी वर्षं... माझ्या आरशातनं... आणि मी म्हणत होतो, हा माणूस रोज माझ्याच ओळीवर कसा येतो!” हसता हसता त्यांनी पंच्यानं डोळे पुसले.

चुलीवर आधण ठेवून आईनं मला ओठांतच काहीतरी विचारलं. भाऊंना ती विद्या येत नाही. ते तसेच उभे राहिले. मग आई पुढे आली आणि तिनं ते मोठ्यानं विचारलं.

भाऊंनी माझ्या हातातल्या कार्डाकडे एकदा बघितलं, आणि उंबऱ्याबाहेर चपला काढल्या.